दूध आलंच कुठं होतं

गोकर्णाबाई गेल्याचं मला कळलं ते लेकीकडे अकोल्याला आले असताना, भाजीबाजारात वांगी निवडता निवडता. शेजारची बाई दुसरीला सांगत होती, "पातूरची ते मालिशवाली गेली ना वं. जेवली, सुपारी तोंडात टाकली, आडवी झाली अन् गेली." मी हातातलं वांगं खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं. गोकर्णाबाई तिथं असती तर म्हणाली असती, "मी मेली त मेली, वांग्यानं तुमचं काय केलं?"

तिचं माहेर अंजनगाव सुर्जीकडचं, संसार अमरावतीत, आणि शेवटची काही वर्षं पातूरला बहिणीकडे. काम एकच. बाळंतिणीला तेल लावायचं, शेक द्यायचा, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं. उंच, काटकुळी बाई, आणि त्या अंगाला दुसऱ्याच कोणाचे आणून जोडावेत तसे मोठाले हात. घरात आली की "कशी आहेस?" असं ती बाळंतिणीला कधी विचारायची नाही. सरळ जाऊन तिची टाच धरायची. टाच दाबून, पोटरी दाबून, मग गुडघ्याला विचारायची, "काय म्हणतो, रात्री ठणकला का?" माणसांपेक्षा त्यांच्या अवयवांशी तिचं जास्त बोलणं. म्हणायची, "तोंड खोटं बोलते बाप्पा. टाच नाई बोलत."

अमरावतीतल्या निम्म्या बायका ती अशाच ओळखायची. एकदा एका लग्नात मोठ्या हुद्द्यावरची एक बाई ऐटीत समोरून गेली. सगळे उठून उभे राहिले. गोकर्णाबाई बसूनच माझ्या कानाशी लागली, "इच्या डाव्या खांद्यात लिंबाएवढी गाठ होती. मी मोडली. रडली होती लय."

ती सगळ्यातच शहाणी होती असं मात्र समजू नका. नवजात बाळाचं नाक रोज तेलाच्या बोटानं ओढलं की धारदार होतं, यावर तिचा ठाम विश्वास. माझ्या भाच्याचं नाक तिनं सव्वा महिना ओढलं. भाचा आता बँकेत मॅनेजर आहे आणि नाक बटाट्यासारखं आहे ते आहेच. ते दाखवलं तर म्हणाली, "मी ओढलं म्हून बटाटा तरी हाये. नाईतर भोपया राह्यला असता."

माझी आणि तिची पहिली गाठ पडली ती माझ्याच बाळंतपणात. तेव्हाची मी आठवते आणि मलाच हसू येतं. बी.एस्सी., बी.एड., वय सत्तावीस, नुकतीच कन्याशाळेत विज्ञानाची शिक्षिका झालेली. जगात जंतू आहेत हे मला एकटीलाच ठाऊक आहे असा माझा समज. बाळंतिणीच्या खोलीत मी भिंतीवर वेळापत्रक लावलं होतं. सहा वाजता दूध, सव्वासहाला ढेकर, नऊ ते अकरा झोप. ढेकर नेमकी सव्वासहाला कशी येणार, हा प्रश्न मला पडला नव्हता. गोकर्णाबाई पहिल्या दिवशी आली तेव्हा मी गादीवरूनच हुकूम सोडला, "आधी साबणानं कोपरापर्यंत हात धुवा. जंतू असतात."

तिनं निमूट हात धुतले, कोपरापर्यंत, दोनदा. परत येऊन माझी टाच धरली आणि म्हणाली, "माहे हात झाले धुऊन. आता तू तोंड बंद कर मास्तरीणबाई, वारं शिरते."

तेव्हापासून मी मास्तरीणबाई. पुढं मी मुख्याध्यापिका झाले, निवृत्त झाले, तरी तिच्या लेखी बढती मिळाली नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते. सांगताना मला थोडी लाज वाटेल. पण या वयात लाजेचं काय लोणचं घालायचं.

माझी लेक स्वाती पहिल्या बाळंतपणाला माहेरी अमरावतीला आली. सासर अकोल्याचं. नात सुखरूप झाली, पण पाठोपाठ स्वातीला रक्तस्राव सुरू झाला आणि थांबेना. डॉक्टरांनी, नर्सनी शर्थ केली, रक्ताच्या बाटल्या चढवल्या आणि पोर वाचली. पाचव्या दिवशी घरी आणली. मी देवापुढं साखर ठेवली आणि ठरवून टाकलं की संकट टळलं. त्या दिवसाबद्दल घरात कोणी बोलायचं नाही अशी ताकीदही दिली. बाळंतिणीचं मन हळवं असतं, असं मी कुठंतरी वाचलं होतं.

गोकर्णाबाई सहाव्या दिवसापासून यायला लागली. तोवर तिचेही केस पांढरे झाले होते, पण हात तेच.

स्वातीला दूध आलं नाही. कमी आलं असं नव्हे, आलंच नाही. मी हळिवाची खीर केली, शतावरी आणली, मेथीचे लाडू वळले, बाळाला तासातासाला छातीशी लावलं. थेंब नाही. शेवटी बाळाच्या डॉक्टरांनी पावडरचं दूध लिहून दिलं आणि नात ते गटागटा प्यायला लागली. इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण विहीणबाई बाळाला बघायला येणार होत्या. त्यांचा स्वभाव तेव्हा मला नीट ठाऊक नव्हता, म्हणून मी तो कल्पनेनंच कडक ठरवून टाकला. आमच्या मुलीला दूध नाही ही बातमी अकोल्याला गेली तर आमच्या घराण्याचं नाक कापलं जाईल, असं या विज्ञान शिक्षिकेला वाटलं. मी पावडरचा डबा तुरीच्या डाळीच्या कोठीत लपवला.

विहीणबाई आल्या. "अंगावर पिते ना नीट?" त्यांनी विचारलं.

"पिते ना, पोटभर," मी म्हणाले. स्वातीनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मोरीत नातीला न्हाऊ घालणाऱ्या गोकर्णाबाईनं पाण्याचा तांब्या जरा जोरात आपटला. घराघरांतलं झाकलेलं बघणं तिच्या धंद्यातच होतं, आणि दुसऱ्याच्या घरातलं ती बाहेर काढायची नाही.

सव्वा महिना झाला. आमच्याकडे त्या दिवशी मालिशवालीला साडी नेसवून, ओटी भरून निरोप देतात. मी मोरपंखी साडी आणून ठेवली होती. गोकर्णाबाईनं ती बोटानं बाजूला सारली. "नाई घेत. माहं काम झालं नाई. पोर उठली कुठं अजून?"

"उठली नाही म्हणजे? चालते-फिरते की."

"चालते. उठली नाई."

मला वाटलं, हिला आणखी महिनाभर काम पाहिजे. तसं मी आमच्या ह्यांना बोलूनही दाखवलं. आज ते आठवलं की स्वतःचा कान पिळावासा वाटतो, पण खांदेदुखीमुळे हात वर जात नाही.

गोकर्णाबाई येतच राहिली. मे महिना लागला. अमरावतीचा मे म्हणजे काय ते सांगायला नको. कूलरसमोर बसूनही जीव नको होतो. आणि स्वाती गोधडी घेऊन निजायची. "आई, थंडी वाजते गं." मी म्हणायचे, बाळंतवारं आहे, कान बांध. तिचा चेहरा गोल झाला, पापण्या सुजल्यासारख्या दिसायला लागल्या. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, बाळंतीण बघा कशी भरली, माझ्या डिंकाच्या लाडवांचा गुण. ती दिवसभर झोपायची. मी म्हणायचे, आराम पडतोय. प्रत्येक लक्षणाला माझ्याकडे एक उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तरात माझं कौतुक.

एक दिवस शेक देऊन झाल्यावर गोकर्णाबाईनं मला खोलीबाहेर बोलावलं. स्वतः घामानं निथळत होती. "पाहा माह्याकडे. शेगडी तिच्या बाजेखाली अन् पानी माह्या अंगातून चाल्लं. तिच्या अंगावर एक थेंब नाई. कातडं तेलबी पीत नाई, वरच राह्यते. हे बरं नाई मास्तरीणबाई."

माझ्याकडे याचंही उत्तर होतं. महिनाभरापूर्वीच मी स्वतः स्वातीची थायरॉइडची तपासणी करून घेतली होती. टीएसएच नॉर्मल. तो कागद मी तिच्यापुढं नाचवला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं कागद हातात घेतला, उलटा केला, परत दिला. "कागद बरा हाये. पोर नाई."

जूनमध्ये स्वाती अकोल्याला सासरी गेली. आठवडाभरात जावयांचा फोन. जिना चढताना तिला धाप लागते, पाय सुजलेत, उताणं निजलं की जीव घाबरतो म्हणून भिंतीला टेकून बसूनच झोपते. मी पहिल्या बसनं अकोला गाठलं. तोवर तिला हृदयाच्या डॉक्टरांकडे भरती केलं होतं. डॉक्टर तरुण, शांत बोलणारे. त्यांनी सोनोग्राफीसारख्या यंत्रावर हृदय पाहिलं आणि सांगितलं, "हृदय मोठं झालंय आणि त्याची पंप करायची ताकद निम्म्याहून खाली गेलीय. बाळंतपणानंतर काही बायकांचं हृदय असं अशक्त होतं. औषधांनी पुष्कळ जणी बऱ्या होतात. पण सगळ्या नाही."



मग त्यांनी विचारलं, "बाळाला अंगावर पाजते ना?"

माझ्या डाव्या हाताला विहीणबाई उभ्या होत्या. आणि मी, एवढी शिकलेली, वर्गात मुलींना खरं बोलण्याचे धडे देणारी, लेकीचं हृदय बंद पडायला आलेलं असताना म्हणाले, "हो." स्वातीला धाप लागली होती, ती बोलूच शकत नव्हती. डॉक्टरांनी मान हलवली आणि इतर औषधांबरोबर दूध बंद करायच्या गोळ्याही लिहून दिल्या. या आजारात त्यांचाही उपयोग होतो म्हणे. मी चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेले. त्या गोळ्या विकत घेताना तरी माझी जीभ सैल व्हायला हवी होती. नाही झाली.

चार दिवस झाले, स्वाती सुधारेना. सूज थोडी उतरली, पण रक्तदाब खाली खाली जायला लागला. उलट्या. हाक मारली तर डोळे उघडायची, नुसती बघायची आणि परत मिटायची. बाळाला जवळ नेलं तरी हात उचलायची नाही. डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. औषधं तर बरोबर चालली होती. मग पोर हातातून का निसटतेय, हे त्यांनाही उमगत नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी वॉर्डच्या दारात गोकर्णाबाई. अमरावतीहून एकटी बसनं आली होती, विचारत विचारत. कोणी बोलावलं नव्हतं; आमच्या ह्यांच्याकडून नुसतं कळलं होतं. ती खाटेपाशी गेली आणि पांघरुणाखाली हात घालून स्वातीची टाच धरली. बराच वेळ धरून राहिली. मग नर्स औषधं द्यायला आली, तिला विचारलं, "हे काय चारून राहिले पोरीले?"

नर्स भली होती. एकेक गोळी दाखवून सांगायला लागली. ही लघवी साफ व्हायची, ही हृदयाची, आणि ही दूध बंद व्हायची.

"काय बंद व्हायची?"

"दूध, मावशी."

गोकर्णाबाई माझ्याकडे वळली. वॉर्डात विहीणबाई होत्या, जावई होते, शेजारच्या खाटेचे नातेवाईक होते. तिनं आवाज खाली घेतला नाही. "दूध आलंच कुठं होतं बंद करायले? चार महिन्यांत थेंब पाह्यला का कोनी? मास्तरीणबाई, तुमी डाक्टरले काय सांगतलं?"

जमिनीनं पोटात घ्यावं असं म्हणतात. अकोल्याच्या फरश्या फार पक्क्या असतात.

नर्सनं डॉक्टरांना बोलावलं. गोकर्णाबाई त्यांच्यापुढं कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "साहेब, मी अडानी बाई. पन हे पोर मी रोज उघडी पाह्यली हाये, तीन महिने. दूध आलं नाई. महिन्याची पायी आली नाई. शेक देल्ला तरी घाम नाई. अन् बायंतपनाच्या येयी दवाखान्यात इचे केस काढले होते, खालचे. ते आलेच नाई परत. काखेतले होते तेबी झडून गेले."

"गोकर्णाबाई," मी दातओठ खाऊन म्हणाले, "पुरुषमाणसापुढं काय बोलता."

"डाक्टर हाये थो," ती म्हणाली. "पुरुष घरी असन."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, बसले आणि मला विचारलं, "बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का?"

मी सगळं सांगितलं. बाटल्या, पाच दिवस, पावडरचा डबा, डाळीची कोठी, सगळं. सांगता सांगता रडले. डॉक्टर मात्र रडण्याकडे लक्ष न देता भराभर लिहीत होते. स्वातीचं रक्त तपासायला गेलं. संध्याकाळी त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. गरोदरपणात ती फुगते. बाळंतपणात रक्त फार गेलं तर तिला रक्त पुरत नाही आणि ती मरून जाते. दूध यायचा हुकूम तिचा, पाळीचा तिचा, थायरॉइडला आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना कामाला लावायचा हुकूमही तिचाच. हुकूम देणारीच गेली, म्हणून सगळं अंग थंडावलं आणि शेवटी हृदयही. "तुम्ही तपासलेलं टीएसएच हे त्याच ग्रंथीचं पत्र आहे," ते म्हणाले. "पत्र लिहिणारीच आजारी असेल तर नुसत्या पत्रावरून काय कळणार? थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन मोजलं, तर ते तळाला आहे. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींचं कॉर्टिसॉलही."

पीयूषिका ग्रंथी. वर्षानुवर्षं मी दहावीच्या मुलींना तिची आकृती फळ्यावर गुलाबी खडूनं काढून दाखवली होती. 'आकाराने वाटाण्याएवढी, कार्याने महत्त्वाची' हे वाक्य त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. पेपरात दोन मार्कांना यायचं. माझ्या घरात आलं तेव्हा मला ओळखता आलं नाही.

त्याच रात्री स्टेरॉइडचं इंजेक्शन सुरू झालं. थायरॉइडची गोळी मागाहून, हळूहळू. तो क्रम उलटा झाला तर जिवावर बेततं, असं डॉक्टर म्हणाले. दूध बंद करायच्या गोळ्या बंद झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्वातीच्या उशाशी डुलक्या घेत होते, तर आवाज आला, "आई, भूक लागलीय. तुझे लाडू सोडून काहीही दे."

ते ऐकून मी जशी हसले, तशी नातीच्या जन्माच्या दिवशीही हसले नव्हते.

विहीणबाईंपुढं जायचं मात्र राहिलं होतं. मी हात जोडून म्हटलं, "मी तुमच्याशी खोटं बोलले." त्या संत्रं सोलत होत्या. एक फोड माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "माह्यालेबी पह्यल्या येयी आलं नव्हतं. तुमच्या जावयाले बकरीचं पाजलं. तुमी इचारलं असतं त सांगतलं असतं ना." म्हणजे ज्या बाईला मी घाबरले होते, तिचा मुलगा बकरीच्या दुधावर वाढला होता आणि इंजिनीअर झाला होता.

हृदय सावरायला सहा-सात महिने लागले. दर तपासणीला डॉक्टर यंत्राच्या पडद्यावर बोट ठेवून दाखवायचे आणि दर वेळी आकडा थोडा वर असायचा. एक दिवस ते म्हणाले, "आता हे हृदय कोणाचंही असू शकतं." गोळ्या जन्मभराच्या आहेत, त्या स्वाती घेते. त्या आठवड्यात मी मोरपंखी साडी घेऊन गोकर्णाबाईकडे गेले. तिनं घेतली, उजेडात धरली आणि म्हणाली, "रंग बुढीले शोभत नाई. पन देल्ली त नेसतो." पाया पडायला वाकले तर तिनं माझी पाठ चाचपली. "कंबर बसली तुमची. या एक दिवस."

मी तिला शेवटचं पाहिलं ते अकोल्यात. अमरावतीची खोली सोडून ती पातूरला बहिणीकडे कायमची निघाली होती. वाटेत स्वातीकडे एक दिवस थांबली, नातीचं नाक ओढून झालं, आणि दुपारी आम्ही दोघी तिला पातूरच्या जीपपर्यंत सोडायला गेलो. जीप भरायला वेळ होता. बाकावर बसून तिनं आम्हाला बहिणीच्या तक्रारी सांगितल्या. मग ड्रायव्हरनं हाक दिली, ती मागच्या सीटवर दोन बायांच्या मध्ये जाऊन बसली, जीप निघाली. आम्ही वळलो तर बाकावर तिची कापडी पिशवी.

"अगं, पिशवी," मी म्हणाले, तोवर स्वातीनं ती उचललीही होती. आणि ती धावली. पदर खोचून, ऑटोंच्या मधून, जीपच्या मागे. मला ओरडायचं होतं, धावू नको गं, हळू. गर्दीत जीपची गती मंद झाली. गोकर्णाबाई मागं तोंड करून बसली होती, तिला सगळं दिसत होतं. पण ती ड्रायव्हरला थांब म्हणाली नाही की हातही पुढे केला नाही. स्वाती अगदी जवळ येऊन जीपच्या जोडीनं धावायला लागली, तेव्हा कुठं तिनं पिशवी घेतली.

स्वाती परत आली. गाल लाल, कपाळावर घाम.

"धाप लागली का?" मी विचारलं.

"लागली ना. तूही धावून बघ, तुलाही लागेल." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "आई, त्या पिशवीत काही नव्हतं. नुसते पेपर कोंबलेले."

मी वळून पाहिलं. जीप पातूरच्या रस्त्याला लागली होती. मागच्या सीटवर गोकर्णाबाई शेजारणीला काहीतरी सांगत होती आणि आपल्या मोठाल्या दोन्ही हातांनी करून दाखवत होती, पोर कशी धावली ते.